करारबाईंचा पडदा

करारबाईंना करारबाई हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं अगदी नेमकं ठेवलं. कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. राज्यशास्त्र म्हटलं की पोरं आधी जांभई देतात आणि मग पुस्तक उघडतात. बाईंच्या तासाला जांभई द्यायला सवडच नसायची. वर्षाच्या पहिल्या तासाला पोरं वर्गात येऊन बघतात तो काय, निम्मे बाक बाहेर व्हरांड्यात! बाई दारात उभ्या. "बसून घ्या," एवढं म्हणायच्या आणि चक्क निघून जायच्या. मग जी काय झोंबाझोंबी चालायची म्हणता! दांडगे बसायचे, गरीब बिचारे भिंतीला टेकायचे, आणि एखादी शहाणी मुलगी बाकाच्या टोकाला अंग चोरून बसून शेजारणीला हळूहळू खाली ढकलत असायची. सगळं पुरेसं तापलं की बाई परत यायच्या. "काय मग, वर्षभर असंच चालवायचं?"

"नाही, नाही!" अख्खा वर्ग ओरडायचा.

मग कुणी कधी बसायचं, आधी कुणाला जागा द्यायची, भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं, हे पोरांनीच ठरवायचं. तो त्या वर्गाचा करार, आणि तो बाईंनाही लागू. एका वर्षी पोरांनी ठरवलं की उशिरा येईल त्यानं तासभर उभं राहायचं. बाईच उशिरा आल्या. "मान्य," म्हणाल्या आणि तासभर उभ्या राहिल्या. बाई एरवीही उभ्यानंच शिकवतात हे त्या पोरांच्या डोक्यात यायला पुढचा आठवडा उजाडावा लागला.

जगातल्या थोर थोर विचारवंतांची नावं बाई आधी सांगतच नसत. "नाव परीक्षेपुरतं. आधी गडी ओळखा," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या वर्गात सगळ्यांना टोपणनावं. एक 'गुहेवाला'. त्याच्या मते बहुतेक माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात, तेव्हा राज्य शहाण्यांनी करावं. एक 'भित्रा'. माणसं मोकळी सोडली तर एकमेकांच्या नरड्याला लागतील, तेव्हा सगळी सत्ता एकाच्या हातात देऊन टाका आणि सुखानं झोपा, हा त्याचा सल्ला. एक 'विश्वासवाला'. तो म्हणायचा, सत्ता ही विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू आहे, विश्वास मोडला की काढून घ्यायची. एक 'दरबारी'. दिलेला शब्द पाळणं अंगाशी येत असेल तर राजानं तो पाळू नये, असं तोंडावर सांगणारा. दरबाऱ्याचं प्रकरण आलं की मागच्या बाकावरचेसुद्धा पुढं सरकून बसायचे. बाईंना याचं फार वाईट वाटायचं.

कारण बाईंचा लाडका होता 'पडदेवाला'. अगदी अलीकडचा, गेल्या शतकातला. त्याचं सांगणं असं, की न्यायाचा नियम करायचा असेल तर करणाऱ्यानं डोळ्यांपुढं पडदा आहे असं समजावं. पडद्यापलीकडच्या जगात आपण श्रीमंत निघणार की कंगाल, धडधाकट की आजारी, हे त्याला ठाऊक नाही. मग तो काय करील? सगळ्यात खालच्या माणसाचंही नीट चालेल असाच नियम करील. न जाणो, तो खालचा माणूस आपणच निघालो तर! हे सांगताना बाईंचे डोळे चमकायचे. इतकी साधी गोष्ट, आणि जगात कुणी करून बघत नाही, याची त्यांना मनापासून चुटपुट होती.

घरी नवरा कवळ्या करायचा. पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाची तबकडी, घासायचं यंत्र, आणि ओळीनं मांडलेले लोकांचे दात. बाई घरात आल्या की आधी त्या दातांना सामोऱ्या जायच्या. रात्रीच्या जेवणाला त्या पडदेवाल्याबद्दल बोलायला लागल्या की नवरा हसायचा. "अगं, माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, मी दोन वेळा दात घासतो. मी आत बघतो ना!"

"तुम्हाला माणसांवर विश्वासच ठेवायचा नाही," बाई म्हणायच्या.

"ठेवतो की. तोंड बंद असेपर्यंत ठेवतो."

याच घरात शेंडेफळ आलं. तो बाईंचा विद्यार्थी. पहिल्या तासाच्या त्या झोंबाझोंबीत बाकाचा कोपरा लागून त्याचा पुढचा दात पडला. बाई घाबरल्या, त्याला तडक घरी घेऊन आल्या. नवऱ्यानं रंग जुळवून जुळवून असा दात केला की खरा कुठला ते त्याच्या आईलाही सांगता येईना. तेव्हापासून पोरगा घरचाच झाला. नवऱ्याला काका म्हणायचा, बाईंना बाईच. हक्कानं यायचा, जेवायचा, पुस्तकं न्यायचा, वाद घालायचा. बाईंची स्वतःची लेक लग्न होऊन लांब गेली होती. स्टाफरूममधल्यांनी याचं नाव शेंडेफळ ठेवलं ते उगीच नाही. पुढं तो त्याच विभागात शिकवायला लागला, तेही बाईंनी प्राचार्यांच्या दारात ठाण मांडलं म्हणून. बाई निवृत्त झाल्या की विभाग तोच बघणार, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. आपला विषय चांगल्या हाती पडणार, एवढ्या एका गोष्टीवर त्या माऊलीचं म्हातारपण उभं होतं. माझं विचाराल तर मला तो पोरगा कधीच आवडला नाही, पण मला विचारतंय कोण!

मग तो दिवस आला. प्राचार्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. माणूस गोड, आवाज मऊ, आणि वाईट बातमी सांगताना हात जोडायची सवय. हात जोडून म्हणाले, "मुलं कमी होताहेत. पुढच्या वर्षीपासून एक विषय बंद करावा लागणार. कुठला, ते मी वरून लादणार नाही. तो कसा निवडायचा याचा नियम तुम्हीच ठरवा. नियम ठरला की त्याप्रमाणं मी निवडीन." आणि गेले.

स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. इतिहासवाले भूगोलाकडे बघायला लागले, भूगोलवाले समाजशास्त्राकडे. आणि बाई? बाईंना आनंद झाला हो! विषय बंद होणार याचा नव्हे, इतक्या काही त्या वेड्या नव्हत्या. पण नियम आधी आणि निवड नंतर! जन्मभर जे फळ्यावर सांगितलं ते खऱ्या जगात करून बघायची वेळ आली होती. त्या उठून उभ्या राहिल्या. "आपला विषय कुठला ते घटकाभर विसरा," म्हणाल्या. "आपण कुणीच नाही असं समजा. आणि मग सांगा, कुठला नियम सगळ्यांना न्यायाचा वाटेल. कुणाच्या नावाला कुणी हात लावायचा नाही. फक्त नियम."

इतिहासवाले सर म्हणाले, "निकाल कमी लागतो तो विषय बंद." भूगोलवाल्या म्हणाल्या, "मुलं सगळ्यात कमी येतात तो." प्रत्येकाचा नियम बरोबर दुसऱ्याच्या उंबरठ्यावर जाऊन थांबत होता. बाई कुणाला हसत नव्हत्या, रागावत नव्हत्या, वर्गातल्या पोरांना सांगावं तसं पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "विसरा, विसरा."

तेवढ्यात शेंडेफळ उठलं. शांतपणे म्हणालं, "सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं होणार? ज्याला दुसरीकडे जागाच नाही त्याचं. मग नियम असा करू. ज्या विषयाच्या शिक्षकांना कॉलेजातच दुसरं काम देता येईल, तोच विषय बंद करायचा. म्हणजे कुणीच रस्त्यावर येणार नाही."

सगळ्यात खालच्या माणसाचा विचार! शब्द न शब्द पडदेवाल्याचा. आपलं शिकवणं कुठंतरी रुजलं, असं वाटून त्यांना भरून आलं. मत घ्यायला त्याच उभ्या राहिल्या. सगळ्यांचे हात वर गेले, कुणी कां कू केलं नाही. बाईंनी स्वतःचा हात सगळ्यांच्या आधी वर केला होता.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, दातांच्या टेबलापाशी उभ्या उभ्याच. तो साच्यातून मान वर न करता म्हणाला, "बरं. आणि दुसरं काम कुणाला देता येतं?"

"ते प्राचार्य बघतील. तोच तर मुद्दा आहे, अहो! ते आपल्याला माहीत नाही."

त्यानं घासायचं यंत्र चालू केलं.

निवड झाली. राज्यशास्त्र बंद.

कारण प्राचार्यांनी वाचून दाखवलं. प्रशासनाचा एक नवा व्यवहारोपयोगी अभ्यासक्रम सुरू होतोय, शेंडेफळ त्याचे प्रमुख होतील. आणि बाईंना ग्रंथालयात घेता येईल, तिथं मदतीला माणूस हवाच आहे. नोकरी शाबूत, पगार शाबूत. फक्त वर्ग नाही, फळा नाही, पहिल्या दिवशी व्हरांड्यात बाक नाहीत. "नियम आपणच केलात, बाई," असं म्हणून प्राचार्यांनी हात जोडले.

हा घाव बाईंच्या ध्यानीमनी नव्हता. पण त्या करारबाई! खुर्चीतून उठल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नियम माझाच आहे. माझ्यावर आला तर मी पळ काढणार नाही." बाहेर आल्यावर शेंडेफळ खाली मान घालून उभं होतं, तर उलट यांनीच त्याची समजूत घातली. "तुझा काय दोष रे? तू तर न्यायाचं बोललास. निदान तू तरी वर्गात राहशील."

त्यानं बाईंचे हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी आणलं. आणलं म्हणजे आणलंच, मी शपथेवर सांगते.

घरी नवरा म्हणाला, "त्याचं मात्र बरं झालं."

"काहीतरीच काय बोलता! तुमच्या हातचा दात आहे त्याच्या तोंडात."

"दात माझा आहे. जीभ त्याची आहे."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि नवऱ्याशी बोलल्याही नाहीत.

ग्रंथपाल म्हणजे बाईंची जुनी मैत्रीण. तिला पोरं गप्पबाई म्हणायची, कारण दिवसभर तिच्या तोंडात तेवढा एकच शब्द. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, दुपारचा डबा कायम एकत्र. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं तिचं काम सांभाळलं होतं, एकीच्या आईच्या आजारपणात दुसरी दवाखान्यात झोपली होती. 'निदान तिच्याजवळ तरी असेन,' हा एवढाच दिलासा धरून बाई तिथं गेल्या. खिडकीपाशी एक टेबल मांडलेलं होतं. छान टेबल, उजेडाकडे तोंड, खुर्चीवर उशीसुद्धा. बाईंना बरं वाटलं. बसायला गेल्या तर फरशीवर टेबलाच्या पायांचे गोल डाग उमटलेले, बरेच दिवस एकाच जागी उभं असल्यासारखे. ग्रंथालयाचा शिपाई कपाटं पुसत होता, त्याला त्यांनी सहज विचारलं, "हे आधी कुणाचं होतं रे?"

"कुणाचंच नाही, बाई. तुमच्यासाठीच आणलं. केव्हाचं येऊन पडलंय. ती तुमची मोठी मीटिंग झाली ना, त्याच्याही बऱ्याच आधी."

तो आपला पुसत पुढं गेला. बाईंनी ते डाग पुन्हा एकदा बघितले. मग गप्पबाईच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"तुला माहीत होतं?"

गप्पबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अगं, बस तरी."

"माहीत होतं का तेवढं सांग."

"प्राचार्यांनी मला विचारलं होतं. एक तर इथं, नाहीतर खाली भांडारात, खडू-डस्टरच्या हिशेबाला. मी म्हटलं, तिला माझ्याकडे द्या. मी मागून घेतलं गं तुला!"

"मीटिंगच्या आधी."

"हो."

"आणि शेंडेफळाला?"

गप्पबाईनं समोरची पुस्तकं सरळ रचायला घेतली.

"त्याला माहीत होतं?"

"त्या नव्या अभ्यासक्रमाचा कागद त्यानंच लिहिलाय, बाई माझे. उन्हाळ्यापासून चाललंय. नियम काय सुचवायचा तेही त्यांचं आधीच बोलणं झालेलं."

बाई आता बसल्या. "बाकीच्यांना?"

"सगळ्यांना," गप्पबाई म्हणाली, आणि मग जे बोलू नये तेही बोलली. "इतिहासवाले काय, भूगोलवाल्या काय, निकाल नि पटसंख्या काय, ती सगळी बोलाचालीच होती गं. तुझ्यासाठी. तुला वाईट वाटू नये म्हणून. तू इतकी खुशीत होतीस, तुझा हिरमोड कोण करणार?"

म्हणजे पडद्याआड बसलेलं माणूस एकच. बाकी सगळे उजेडात बसून यांच्याकडे बघत होते, आणि या मेल्या खुळ्यासारख्या "विसरा, विसरा" म्हणत होत्या! केसानं गळा कापतात म्हणजे काय, ते बाईंना त्या खोलीत कळलं. राग येण्याआधी लाज आली. आपल्याला सगळ्यांनी मिळून लहान मुलासारखं खेळवलं, याची. मग राग आला, आणि तो शेंडेफळाच्या वर्गापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेला.

तो एकटाच होता, फळा पुसत होता. यांना बघून त्यानं डस्टर खाली ठेवलं. त्याला कळलं.

"जेवलास रे माझ्या घरी," बाई म्हणाल्या. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण पहिल्यांदा तोंडातून आलं ते हेच.

"बाई, मी खोटं काय बोललो ते सांगा. नियम अन्यायाचा आहे का? कुणी रस्त्यावर आलं का?"

"तुला माहीत होतं!"

"होतं. माहीत नसतं तर याहून बरा नियम निघाला असता? भूगोलवाल्यांचा नियम खरंच लावला असता तर तुमची नोकरीच गेली असती. मुलं कमी कुणाकडे येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तुम्हाला वाचवलं."

"मला विचारून वाचवायचं होतंस!"

"विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं? तुम्ही अख्ख्या स्टाफरूमला स्वतःला विसरायला सांगत होता. खरं सांगा, तुम्ही विसरला होता का स्वतःला? तुमच्या मनात एकदा तरी आलं का, की राज्यशास्त्र बंद झालं तर ते बरोबर असेल?"

एकदाही आलं नव्हतं. याचंच त्यांना जास्त लागलं. पोरानं वर्मावर बोट ठेवलं होतं, आणि ते कुठं आहे हे यांनीच त्याला इतकी वर्षं जेवू घालून दाखवलं होतं.

"नियम बरोबर असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मला अंधारात ठेवून घेतलेलं मत हे मत नव्हे. पुन्हा मत घेऊ. या वेळी सगळ्यांचे डोळे उघडे, माझेही. माझ्या तोंडावर हात वर करा."

"बाई, नका," शेंडेफळ म्हणालं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात काहीतरी खरं होतं. "कशाला स्वतःला त्रास करून घेता?"

"का? भीती वाटते? चारचौघांत, माझ्याकडे बघून, एकाचा तरी हात वर जाईल असं वाटतं तुला?"

तो डस्टर उचलून पुन्हा फळा पुसायला लागला. बाईंना वाटलं, घाबरला.

मधल्या सुट्टीला त्या स्टाफरूममध्ये गेल्या. चहाचे कप हातात होते सगळ्यांच्या. गप्पबाईलाही त्यांनी ग्रंथालयातून ओढून आणलं होतं. प्राचार्य दारात येऊन थांबले. बाईंचा आवाज अजिबात कापला नाही. त्यांनी सगळं सांगितलं, कुणाला काय केव्हापासून माहीत होतं ते. कुणाची उणीदुणी काढली नाहीत. मग म्हणाल्या, "मी तुमच्यातल्या प्रत्येकाबरोबर काम केलंय. विश्वास मोडून केलेला करार मला मान्य नाही. म्हणून आता उघड विचारते. माझा विषय बंद करावा, मला वर्गातून काढावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. माझ्याकडे बघून."

आणि त्या थांबल्या. त्यांना पक्की खात्री होती हो! माणसं पाठीमागून काहीही करतात, पण समोरून, नजरेला नजर देऊन, कुणाचं धाडस व्हायचं नाही, असं त्यांना वाटत होतं. कुणीतरी आधी घसा साफ करील, कुणीतरी म्हणेल 'चुकलंच आपलं', आणि मग सगळं बोलणं नव्यानं सुरू होईल.

इतिहासवाल्या सरांनी कप बशीत ठेवला आणि हात वर केला. भूगोलवाल्यांनी केला. समाजशास्त्राचे दोघे एकमेकांकडे बघून, एकदमच. कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही, कुणी मान खाली घातली नाही. बाईंनी सांगितलं होतं तसं सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता की लाजही नव्हती, उरकून टाकायची घाई तेवढी होती. शेंडेफळाचा हात वर गेला, सरळ, वर्गात उत्तर येणाऱ्या पोराचा जातो तसा.

गप्पबाई दोन्ही हातांनी कप धरून उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं. फक्त तिच्याकडे. बाकीचे गेले तर गेले, एवढी एक राहिली तरी चालणार होतं, उरलेली सगळी वर्षं खिडकीपाशी काढता आली असती.

गप्पबाईनं प्राचार्यांकडे बघितलं. मग कप एका हातात घेतला, आणि दुसरा हात वर केला.